एकांत

'एकांत' म्हटले की आपल्याला 'एक' दिसतो, म्हणजे एकटा माणूस. शब्दाचे खरे बळ मात्र 'अंत'मध्ये आहे. संस्कृतात 'अंत' म्हणजे शेवट, तशीच कड, टोक, बाजू. प्रांत, दिगंत, सीमांत या शब्दांत तो याच अर्थाने येतो. म्हणून एकांत म्हणजे एका कडेची, वर्दळीपासून बाजूला असलेली जागा. देहूचे तुकोबा भंडारा, भामचंद्र या डोंगरांवर जाऊन बसत, ते अशाच कडेला.

बाजू धरून ठेवण्यातूनच दुसरा अर्थ निघाला: एकच टोक, म्हणजे 'पूर्णपणे'. जैन दर्शनाला 'एकान्त' दृष्टी मान्य नाही ती याच अर्थाने. सत्याला अनेक बाजू आहेत, म्हणून अनेकान्तवाद.

गीतेचा सहावा अध्याय मला इथे फार मोलाचा वाटतो. सोळाव्या श्लोकात अजिबात न खाणाऱ्याला योग साधत नाही असे सांगताना 'एकान्त' येतो, तो 'अजिबात' या अर्थाने. योग्याने निर्जन जागी बसावे, हे दहाव्या श्लोकात सांगितले आहे; तिथे शब्द आहे 'रहसि'. त्यातला 'रहस्' म्हणजे एकांत. 'रहस्य' त्याच्यापासूनच आले. जे चारचौघांत बोलायचे नाही, ते.

मराठी एकांतात दोघेही मावतात. नव्या जोडप्याला घरात एकांत मिळत नाही, असे आपण सहज म्हणतो. एकाकी माणसाजवळ मात्र कोणी नसते.