फुप्फुस रोहिणिकांतील विकृती, जन्मजात हृद्दोषांतील

हृदयाच्या जन्मजात दोषामुळे फुप्फुसांकडे जादा दाबाने व जादा प्रमाणात रक्त गेल्याने तेथील सूक्ष्म रोहिण्यांच्या भित्तींत होणारे बदल. मूळ दोष हृदयात असला, तरी रुग्णाचे भवितव्य पुष्कळदा या वाहिन्यांतच ठरते. ही गोष्ट स्पष्ट होण्यास सु. ६० वर्षे लागली.

व्हिक्टर आयझेनमेंगर (१८६४–१९३२) या व्हिएन्नातील वैद्यांनी १८९७ मध्ये ३२ वर्षांच्या एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यास बालपणापासून धाप लागे व त्याचे अंग निळसर दिसे. अखेर रक्ताच्या गुळण्या होऊन तो मरण पावला. शवविच्छेदनात दोन निलयांमधील पडद्यात मोठे छिद्र आढळले. त्यानंतर बराच काळ निळेपणाचे कारण हृदयाच्या रचनेतच शोधले गेले; फुप्फुसांकडे फारसे लक्ष गेले नाही.

गर्भावस्थेत फुप्फुस रोहिण्यांच्या भित्ती जाड असतात. जन्मानंतर काही आठवड्यांत त्या पातळ होतात व रक्ताला होणारा रोध घटतो. मोठे छिद्र असल्यास ही क्रिया पूर्ण होत नाही. रोध वाढत जाऊन शेवटी रक्तप्रवाहाची दिशा उलटते व अशुद्ध रक्त शरीरात जाऊ लागते. छिद्र निलयांत, अलिंदांत अथवा महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांच्या दरम्यान असले, तरी परिणाम तोच, हे पॉल वुड यांनी १९५८ मध्ये १२७ रुग्णांच्या अभ्यासावरून दाखविले. (वुड यांचा जन्म निलगिरीतील कुन्नूरचा.) त्याच वर्षी डॉनल्ड हीथ व जेसी एडवर्ड्‌स यांनी या विकृतीच्या सहा पायऱ्या ठरविल्या. पहिलीत केवळ मधला स्नायुस्तर जाड होतो. तिसरीत अंतःस्तराच्या तंतूंनी मार्ग अरुंद होतो. चौथीत वाहिन्यांचे जाळीदार गुंते बनतात. सहावीत भित्तीच मृत होऊ लागते.

हे वर्गीकरण शस्त्रक्रियेच्या दृष्टीने निकडीचे होते. निलयांमधील छिद्र शिवून बंद करण्याची शस्त्रक्रिया १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात सी. वॉल्टन लिलेहाय यांनी प्रथम केली. परंतु विकृती पुढे गेलेल्या रुग्णात छिद्र म्हणजे उजव्या निलयाची सुटकेची वाट असते. ते बुजविल्यास रुग्ण दगावण्याचा संभव असतो.

तथापि हीथ–एडवर्ड्‌स पायऱ्या अर्भकांना अपुऱ्या पडतात, कारण त्यांची फुप्फुसे वाढत असतात. ही उणीव बॉस्टन येथे मार्लीन राबिनोविच, शीला हॅवर्थ, लिन रीड व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये भरून काढली. फुप्फुसाच्या लहानशा तुकड्यावर त्यांनी प्रत्यक्ष मोजमापे केली. अर्भकात वायुकोशांलगतच्या रोहिणिकांना एरवी स्नायू नसतो. दोष असल्यास तो तेथवर अकाली पसरतो. पुढे भित्ती जाड होते आणि अखेरीस वायुकोशांच्या मानाने रोहिणिकांची संख्याच घटते. म्हणजे रोग केवळ वाहिन्या बिघडवीत नाही, त्यांची वाढही खुंटवितो. आरंभीचे बदल शस्त्रक्रियेनंतर बव्हंशी मागे फिरतात. म्हणून मोठे छिद्र आता बहुधा पहिल्या वर्षातच बंद करतात.

उशिरा आलेल्या रुग्णांसाठी बोसेंटान या औषधाचा उपयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आला. त्याने रोध काहीसा घटतो व चालण्याची शक्ती वाढते. बुजलेल्या वाहिन्या मात्र पूर्ववत होत नाहीत.