चाकरमानी, बोट आणि प्लेग

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग साथीच्या रोगांवर आहे. पण सुरुवात कोरोनापासून करत नाही. थेट १८९६ मध्ये जाऊया.

सप्टेंबर १८९६. मुंबईतल्या मांडवीत, धान्याच्या वखारींच्या दाट वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांना एक रोग ओळखू आला. प्रचंड ताप, जांघेत गाठ. प्लेग!

आता गंमत बघा, मांडवी आपल्या रत्नागिरीतही आहे. मांडवी म्हणजे बंदरावरची जकातीची जागा. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडणार होतं, त्यामुळे मुंबई ते रत्नागिरी मोठा रस्ता म्हणजे समुद्र. बोटीने माणूस जायचा आणि त्याच्या मागे मनीऑर्डर यायची. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि गिरण्यांना सगळ्यात जास्त माणसं पुरवणारा जिल्हा हाच.

प्लेग पसरला आणि लाखो लोकांनी मुंबई सोडली. १८९१ च्या जनगणनेत शहरात ८ लाख २१ हजार माणसं होती, १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजार. दहा वर्षांत मुंबई वाढायच्या ऐवजी घटली! गिरणीमालकांवर तर अशी वेळ आली, की कामगार टिकावा म्हणून रोजचा पगार रोज देऊ लागले.

सरकारने काय केलं? ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आणला. जेमतेम चार कलमांचा. प्रवाशांना थांबवा, तपासा, संशय आला तर वेगळं ठेवा. पुण्यात तर सोल्जर घरात घुसून झडत्या घेऊ लागले. त्यावर 'केसरी'तून सडकून टीका करणारे टिळक मूळचे रत्नागिरीचेच. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, आणि पुढे टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत जे सांगत नाहीत ते पुढे आहे.

प्लेग मुख्यतः उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने हे मांडलं १८९८ मध्ये, आणि पटायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे सगळा कायदा माणसाला अडवत होता आणि पिसवा धान्याच्या पोत्यातून, अंथरुणाच्या वळकटीतून आरामात प्रवास करत होत्या. गावाकडच्या लोकांना पुस्तकी कारण माहीत नव्हतं, पण घरात उंदीर मरून पडले की घर सोडायचं आणि माळावर झोपडी बांधून राहायचं, हे ठाऊक होतं. आणि ते बरोबर होतं!

लस मात्र मुंबईतच तयार झाली. वाल्देमार हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. संशोधन, हॉस्पिटल, डॉक्टर, सगळं शहरात. आणि आजारी कामगार? तो गावी. गिरणीत ना आजारपणाची रजा, ना पेन्शन. क्षय झाला, हात मशीनमध्ये गेला, वय झालं, की परत घरी. गाव हाच त्याचा विमा, आणि त्या विम्याचा हप्ता भरायची घरची बाई. शेती तिची, म्हातारी माणसं तिची, आजारी नवराही तिचाच. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. हा आकडा बघून लगेच खूश होऊ नका. पुरुष कामाला बाहेर, हाही त्याचा अर्थ आहे.

आता या २०२० मध्ये. १३ मार्चला महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. मे महिन्यात चाकरमानी निघाले. कोणी पास काढून, कोणी हायवेने चालत, कोणी रेल्वेच्या रुळांवरून. गावात वाद पेटले. घ्यायचं की नाही? शाळेत ठेवायचं की घरी? सोशल मीडियावर आपण पटकन ठरवून टाकलं, की गाववाले निष्ठुर किंवा चाकरमानी बेजबाबदार.

मला दोन्ही पटत नाही. गावात म्हातारी माणसं जास्त, व्हेंटिलेटर मोजके, आणि सुरुवातीला तपासणीचे नमुनेसुद्धा मिरजेला पाठवावे लागत. अशा गावाला भीती वाटली तर त्यात नवल काय? आणि दहा बाय दहाच्या खोलीत काम बंद पडलेला माणूस घरी नाही जाणार तर कुठे जाणार?

सव्वाशे वर्षं या जिल्ह्याने मुंबईला हात पुरवले. इथलं सरकारी मेडिकल कॉलेज मात्र सुरू झालं २०२३ मध्ये. माझ्या मते आपल्या देशाच्या आरोग्याचा मोठा प्रश्न हाच आहे: रोग माणसाबरोबर फिरतो, दवाखाना शहरातच बसून राहतो. पुढची साथ कुठली असेल सांगता येत नाही, पण ती कुठल्या रस्त्याने येईल ते आपल्याला माहीत आहे. मग त्या रस्त्याच्या या टोकाला नुसतं चेकपोस्ट नको, चालू लॅब आणि डॉक्टर हवेत.

तुमच्या घरात प्लेगच्या, माळावरच्या झोपड्यांच्या गोष्टी कोणी सांगतं का? आजी-आजोबांना विचारा आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!