मोटारीला मिळालेलं संरक्षण आणि राहून गेलेली मुदत

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी खूप हळव्या आठवणी वाचल्या. ती का गेली, हे मात्र फारसं बोललं गेलं नाही. मुंबईत टॅक्सीचं वय २० वर्षांच्या पुढे जाऊ देत नाहीत, आणि शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत झाली होती. म्हणजे शेवटही नियमानेच झाला. आणि नुसता शेवटच कशाला? ही गाडी कोणी बनवायची, किती बनवायच्या, कितीला विकायच्या, हे सगळंच अनेक वर्षं सरकार ठरवत होतं. ते का, आणि त्यातून काय झालं, हे आज आपल्याला पाहायचं आहे.

सुरुवात स्वातंत्र्याच्या आधीपासून करू. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, पाठोपाठ फोर्डही आली. ‘जोडायला’ हा शब्द लक्षात ठेवा. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे, इथे ते एकमेकांना बसवायचे, की गाडी तयार. इंजिन, गिअर, धुरा यांतलं काहीच इथे घडत नव्हतं. विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मुंबईत पूर्ण मोटार बनवण्याची योजना मांडली. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यासाठी धडपडले, पण इंग्रज सरकारने साथ दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये वालचंदांची प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कुर्ल्याला कारखाना आला. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स त्याआधी, १९४२ मध्ये, स्थापन झाली होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने आधी तयार गाड्यांची आयात बंद केली. मग १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून आणखी कडक अट आली: ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच या धंद्यात राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने हिशेब केला. एवढ्याशा बाजारपेठेसाठी इतकी गुंतवणूक परवडेना, म्हणून त्यांनी गाशा गुंडाळला.

आता हा निर्णय चुकीचा होता का? आम्हाला तसं वाटत नाही. पेट्या उघडून गाडी जोडणारा देश वर्षानुवर्षं पेट्याच उघडत राहतो. या अटीमुळे कास्टिंग, फोर्जिंग, स्प्रिंगा, बॅटऱ्या बनवणारे कारखाने इथे उभे राहिले. पुणे, मुंबई, मद्रास या पट्ट्यात कामगारांच्या आणि इंजिनिअरांच्या पिढ्या तयार झाल्या. आजचा वाहन उद्योग त्याच पायावर उभा आहे.

मग बिनसलं कुठे? बिनसलं पुढच्या पायरीवर. १९५१ च्या उद्योग कायद्यानुसार कारखान्याला परवाना लागायचा आणि त्यात उत्पादनाची क्षमता लिहिलेली असायची. ती वाढवायची तर पुन्हा दिल्लीची परवानगी. परकीय चलन तुटपुंजं होतं आणि सरकारी हिशेबात मोटार ही चैनीची वस्तू होती. त्यामुळे परवानगी सहसा मिळायची नाही. नवा स्पर्धकही आत येऊ शकत नव्हता. ॲम्बेसिडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीनच गाड्या. १९७० च्या दशकात अख्ख्या देशात वर्षाला ५० हजार मोटारीसुद्धा बनत नव्हत्या.

आता बघा, एका नियंत्रणातून दुसरं कसं जन्माला येतं. माल कमी, म्हणून रांगा लागल्या. रांगा लागल्या, म्हणून १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आलं. तरीही भाव चढे, म्हणून १९६९ मध्ये किंमतच कायद्याने बांधली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. मोटारीची वाजवी किंमत काय, हे चौकशी आयोग आणि न्यायमूर्ती ठरवू लागले! पण मूळ दुखणं तुटवड्याचं होतं, आणि त्याला कोणी हात घातला नाही. जी गाडी बनेल ती विकलीच जाणार, मग ती सुधारायची कोणी आणि कशासाठी? स्कूटरचीही तीच कथा. आकुर्डीच्या कारखान्यातली बजाज मिळायला दहा-दहा वर्षं लागायची. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी तो नंबर आईवडिलांनी लावलेला असेल.

ही कोंडी कोणी फोडली? गंमत म्हणजे, सरकारनेच. १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावहून पहिली गाडी बाहेर पडली. इथेही भाग देशात बनवण्याची अट होतीच, पण तिला टप्पे होते. शिवाय जपानी चलन महागल्यावर बाहेरून भाग आणणंच परवडेना, त्यामुळे इथले पुरवठादार झपाट्याने तयार करावे लागले. मुख्य म्हणजे जुन्या कंपन्यांसमोर पहिल्यांदाच खरा स्पर्धक उभा राहिला. १९९३ मध्ये मोटारींचा परवाना रद्द झाला, १९९८ मध्ये पुण्यातून टाटांची इंडिका आली. कुर्ल्याची पद्मिनी मात्र या शर्यतीत टिकली नाही. तिथल्या कामगारांनी हात आखडते घेतले होते, असं नाही. चाळीस वर्षं त्यांना बाजाराचा वारा लागू दिला नव्हता, आणि मग एकदम वादळात उभं केलं. त्याची किंमत मंत्रालयाने नव्हे, कामगारांच्या घरांनी मोजली.

म्हणून ‘सरकारने उद्योगात हात घालावा की नाही’ हा प्रश्न आम्हाला अपुरा वाटतो. १९५३ ला सरकार होतं, १९६९ ला होतं, १९८३ लाही होतं. फरक कसला होता? संरक्षणाच्या बदल्यात काय मागितलं, आणि ते कधीपर्यंत द्यायचं, याचा. १९५३ ने भाग बनवायला सांगितले, पण उंबरठा कधी उघडणार हे सांगितलं नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने विजेवरच्या मोटारींसाठी धोरण जाहीर केलं. किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवा, पाच वर्षांत निम्मं मूल्य देशात घडवा, तर ठरावीक गाड्या कमी शुल्कात आणता येतील. अट तीच जुनी, पण यावेळी तारीख लिहिलेली आहे. ती तारीख आली की ती पाळली जाते की पुढे ढकलली जाते, एवढ्यावर आपण नागरिक म्हणून नजर ठेवू.