आजीची गोरी बाई

आमच्या आजीच्या गोष्टींत एक गोरी बाई असायची. एका गोष्टीत तिनं डोकं भादरलेलं असायचं आणि पहाटे उठून ती गावातली घाण उचलायची. दुसऱ्या गोष्टीत ती पोरांना शिकवायची. तिसऱ्या गोष्टीत तर ती मास्तरांचीच मास्तरीण व्हायची. नाव विचारलं की आजी हात झटकायची. "मले काय मालूम बावा! आमच्यासाठी त्या बाईजीच."

आजीचं माहेर सेवाग्रामला लागून. शाळा शिकली ती तिथल्या नई तालीममध्ये, म्हणजे हातकामातून शिकवणाऱ्या गांधीजींच्या शाळेत, जेवढी शिकली तेवढी. तिच्या गोष्टींना वर्षं लावत गेलं की या एका बाईच्या तीन बाया होतात. डोकं भादरलेल्या त्या मीराबेन, म्हणजे इंग्रज ॲडमिरलची मुलगी मॅडलिन स्लेड. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावात आले, त्याआधीच त्या तिथं येऊन राहिल्या होत्या. टपालाचा संतनगरी शेगावशी घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये याच गावाचं सेवाग्राम झालं. पोरांना शिकवायच्या त्या कॅथरिन हाइलमन, अर्थात सरलाबेन. पुढे १९४१ मध्ये त्या कुमाऊँतल्या कौसानीला गेल्या. या दोघी बहुधा आजीच्या आईनं पाहिलेल्या. आजीनं स्वतः पाहिल्या त्या तिसऱ्या, मार्जरी साइक्स. आणि मला ओढ लागली ती याच बाईंची, कारण मुळात त्या हिंदुस्थानात आल्या होत्या मिशनच्या शाळेत शिकवायला.

मिशनची माणसं आमच्या भागाला नवी नव्हती. आमचे आबाजी नागपूरच्या वाटेवर बुटीबोरी आली की ठरलेली गोष्ट सांगत, पाद्री साहेब नाल्यात बुडाल्याची. तो साहेब म्हणजे स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा माणूस १८४५ मध्ये नागपुरात आला, शाळा काढली, मराठी शिकला, गोंडांच्या कथा टिपून घेतल्या, रानावनातले दगड गोळा केले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं बघायला गेला, तिथली शाळा तपासली आणि परतताना पुरात वाहून गेला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. विद्वान आणि कष्टाळू माणूस, पण तो आला होता ख्रिस्त सांगायला, आणि शाळा हे त्या सांगण्याचं साधन होतं. आबाजी गोष्टीच्या शेवटी म्हणायचे, "माणूस चांगला होता, पण त्याले आपल्याले बदलवायचं होतं."

साइक्सबाई १९०५ मध्ये यॉर्कशरमध्ये जन्मल्या, केंब्रिजला शिकल्या आणि १९२८ मध्ये मद्रासला आल्या. लंडन मिशनरी सोसायटीच्या बेंटिंक मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या, तमिळ शिकल्या. तिथंच त्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या झाल्या. त्यांच्या परंपरेतल्या क्वेकरांच्या उपासनेत पाद्री नसतो, ठरलेली प्रार्थना नसते. सगळे गप्प बसतात. कुणाला आतून काही सुचलं तर त्यानं उठून बोलावं, नाही तर शांतपणे घरी जावं. प्रत्येक माणसात देवाचं काहीतरी असतंच, हा त्यांचा पाया. हे ज्याला मनापासून पटलं त्याची मिशनरी म्हणून मोठी पंचाईत होते. समोरच्याकडे देव आधीच असेल, तर आपण त्याच्याकडे घेऊन जायचं काय?

माझ्या मते साइक्सबाईंचं पुढचं सगळं आयुष्य याच प्रश्नाच्या मागं गेलं. १९३९ मध्ये त्या शांतिनिकेतनात गेल्या, बंगाली शिकल्या, रवींद्रनाथांची नाटकं इंग्रजीत नेली. रवींद्रनाथ आणि गांधीजी या दोघांचे मित्र चार्ल्स अँड्र्यूज यांचं चरित्र त्यांनी बनारसीदास चतुर्वेदींबरोबर लिहिलं. गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं होतं, पण त्यांच्या हयातीत येणं झालं नाही. आल्या त्या १९४९ मध्ये, बापू कुटीतली बैठक रिकामी झाल्यावर.

तोवर वर्ध्यात ख्रिस्ती माणसांनी एक वेगळीच वाट पाडून ठेवली होती. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा होते, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले तमिळ ख्रिस्ती. १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांच्याकडे. घाण्याचं तेल, हातकागद, मधमाश्या यांत ते गढलेले असत. साम्राज्याची पाठराखण करणाऱ्या चर्चच्या धर्माधिकाऱ्यांनाही त्यांनी खरमरीत सुनावलं होतं. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना गांधीजींची. सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ चालवत होते ई. डब्ल्यू. आर्यनायकम, सिलोनचे तमिळ ख्रिस्ती, आणि त्यांच्या पत्नी आशादेवी, बंगाली. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीनं नई तालीमचा जो आराखडा आखला, तो मातीत उतरवायचं काम या दोघांवर आलं. साइक्सबाई आल्या त्या इथं, शिक्षक घडवायला.

ती शाळा कशी होती हे आजीच्या बोटांना अजून आठवतं. कापूस वेचायचा, सरकी काढायची, पिंजून पेळू वळायचे आणि मग टकळी. सूत अटेरणावर घेताना चार फुटांचा एक तार मोजायचा. १६० तारांची लटी, चार लटींची गुंडी; म्हणजे ६४० तार. गणित यातच. "चार चोक सोळा आमाले अटेरणानं शिकवलं," आजी म्हणते. सूत तुटलं की गाठ न मारता पेळूच्या तंतूनं सांधायचं, आणि मोजणीत लबाडी चालायची नाही. तार कमी भरले तर गुंडी हातात परत यायची, ओरडा नाही, छडी नाही, फक्त पुन्हा मोजायचं. मग झाडलोट, स्वयंपाक, भाजीचा वाफा.

संध्याकाळी प्रार्थना. ती सेवाग्राम आश्रमात आजही होते. जपानी बौद्ध मंत्र, मौन, उपनिषदाचा श्लोक, कुराणातली आयत, एकादश व्रत, भजन, धून. त्या मौनात साइक्सबाईंना परकं वाटायचं कारण नव्हतं. क्वेकर बाईला आपलं देऊळ आयतंच मिळालं होतं, फक्त भोवतीची माणसं क्वेकर नव्हती. १९४९ च्या डिसेंबरअखेरीस सेवाग्रामला जागतिक शांततावाद्यांची परिषद भरली, देशोदेशीचे लोक आले, त्यांत क्वेकरही होते. आजीला त्यातलं एवढंच आठवतं की नाताळ होता आणि पाहुण्यांची भांडी घासून हात दुखले होते.

हे सगळं यशस्वी झालं असं मात्र नाही. आईबापांना पोरगं कारकून हवं होतं, कातणारं नव्हे. आजीच्या बापानं आजीला तिथं ठेवलं आणि तिच्या भावाला इंग्रजीसाठी वर्ध्याच्या शाळेत घातलं. पोरीला सूत, पोराला नोकरी. नई तालीमचं खेड्यात काय झालं ते या एका घरातल्या वाटणीत दिसतं. पुढे ती शाळा बंदच पडली. २००५ मध्ये आनंद निकेतन या नावानं तिथं पुन्हा वर्ग सुरू झाले.

कुमारप्पा, आर्यनायकम, साइक्सबाई हे सगळे ख्रिस्ती होते, हे आजीला मी सांगितलं तेव्हा ती चपापली. कुमारप्पा तिच्या लेखी मद्रासी, आर्यनायकम गुरुजी. "मंग त्यायनं आमाले सांगतलं काहून नाही?" यात तक्रार होती. आपल्यापासून काही लपवलं गेलं अशी.

तिची तक्रार मला खोटी वाटत नाही. मिशनच्या वहीत साइक्सबाईंची सेवाग्रामची दहा वर्षं कोरीच गेली असती, बाप्तिस्मा एकही नाही. एखादा निष्ठावंत पाद्री विचारेल, जी श्रद्धा शेजारच्या पोरीलाही कळली नाही ती कसली वाढली? पण साइक्सबाईंनी श्रद्धा सोडली नव्हती. पुढे हिंदुस्थानातल्या क्वेकरांचा इतिहास त्यांनीच लिहिला. सोडला होता तो श्रद्धेच्या बदल्यात समोरच्याकडून काही घ्यायचा हक्क. गावानं आपल्याला देवामुळे ओळखावं, ही अपेक्षाही त्यात गेली.

पन्नासचं दशक सरता सरता त्या निलगिरीत कोटागिरीला गेल्या. १९६४ मध्ये नागालँडात युद्धबंदी झाली तेव्हा ती पाळली जाते का हे बघणाऱ्या शांतता निरीक्षकांत त्या होत्या. तिथं तर ख्रिस्ती आधीपासूनच पुष्कळ, ख्रिस्त सांगायचा प्रश्नच नव्हता. दोन्हीकडच्या बंदूकवाल्यांचं ऐकून घ्यायचं, कुणाच्याही बाजूनं माप झुकू द्यायचं नाही, आणि चुकलं तर न ओरडता पुन्हा मोजायला लावायचं, एवढंच काम होतं. त्या कामाची तालीम त्यांची सेवाग्रामलाच झाली होती.