ब्रॉयलरच्या खाद्यातील नैसर्गिक पूरके : प्रतिजैविकांना पर्याय कितपत?

जेमतेम ४० ग्रॅम वजनाचे पिल्लू पाच ते सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरात पोचते, ही ब्रॉयलर कोंबडीची ख्याती. या वेगाचा मोठा ताण पडतो तो तिच्या आतड्यावर. पचन बिघडले की विष्ठा पातळ होते, शेडमधील तुसाची गादी ओलावते आणि तिच्यातून अमोनिया वायू सुटतो. डोळे चुरचुरणारा, पायाच्या तळव्यांना जखमा झालेला पक्षी एका जागी बसून राहतो आणि खाद्याकडे जात नाही. आतड्याचे आरोग्य आणि पक्ष्याचे सौख्य हे असे एकमेकांत गुंतलेले विषय आहेत.

आतड्यातील घातक जीवाणूंना आवर घालण्याचे काम अनेक दशके प्रतिजैविकांवर सोपविले गेले. स्ट्रेप्टोमायसिनमुळे पिल्लांची वाढ सुधारते, असे अमेरिकेत १९४६ मध्ये दिसून आले. त्यानंतर खाद्यात अल्प मात्रेत औषध मिसळण्याची प्रथा जगभर रूढ झाली. मात्र अल्प मात्रेच्या सततच्या वापरातून औषधाला दाद न देणारे जीवाणू फोफावतात आणि ते माणसापर्यंत पोचतात. स्वीडनने १९८६ मध्ये, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली. मानवी उपचारात अखेरचा आधार मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिनवर भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यासाठी बंदी घातली.

औषध काढून घेतल्यास व्यवसाय कोलमडेल काय, या प्रश्नाचे उत्तर डेन्मार्कने दिले आहे. तेथील कुक्कुट उद्योगाने १९९८ मध्ये स्वतःहून हा वापर थांबविला. मरतुक वाढली नाही आणि प्रतिचौरस मीटर उत्पादनही घटले नाही. एक किलो वजनासाठी लागणारे खाद्य तेवढे किंचित वाढले. तथापि रक्ती हगवणीला रोखणारी आयनोफोर गटातील द्रव्ये तेथे चालूच राहिली, ही बाब ‘औषधमुक्त’ कोंबडीच्या जाहिरातींत सहसा आढळत नाही.

प्रतिजैविकांची जागा घेऊ पाहणाऱ्या नैसर्गिक पूरकांचे कार्य वेगवेगळे आहे. प्रोबायोटिक म्हणजे उपकारक जीवाणू. फिनलंडच्या नुर्मी आणि रंटाला या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील जीवाणू नवजात पिल्लांना दिल्यास साल्मोनेलाला तेथे शिरकाव करणे अवघड जाते. यंत्रावर उबविलेल्या पिल्लाला आईचा सहवास नसल्याने ही शिदोरी त्याला आपोआप मिळत नाही. लॅक्टोबॅसिलससारखे जीवाणू गोळी खाद्य तयार करतानाच्या उष्णतेत तग धरत नाहीत. बॅसिलस गटाचे बीजाणू मात्र टिकतात, म्हणून खाद्यनिर्माते त्यांना पसंती देतात.

यीस्टच्या पेशीभित्तिकेतून मिळणाऱ्या मॅनन या शर्करेची युक्ती निराळी. ई. कोलाय आणि साल्मोनेला आतड्याला चिकटण्याऐवजी या शर्करेला चिकटतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. फॉर्मिक, प्रोपिऑनिक ही सेंद्रिय आम्ले खाद्य व पाण्यातील जंतूंना आळा घालतात, तर ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराच्या पेशींना ऊर्जा पुरविते.

मराठी वाचकाला अधिक परिचित आहे तो वनस्पतिजन्य गट. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल आणि दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्ये जीवाणूंच्या पेशीपटलाला इजा करतात. लसणातील अ‍ॅलिसिनही जीवाणूरोधक आहे. हळदीवर आपल्याकडे बरेच प्रयोग झाले असून, त्यांत साधारणपणे एक किलो खाद्याला पाच ग्रॅमच्या आसपास पूड वापरलेली दिसते. निष्कर्षांत मात्र एकवाक्यता नाही. हळदीतील कुरकुमिनचे प्रमाण वाण आणि साठवणुकीनुसार बदलते, ते रक्तात फारसे शोषलेही जात नाही. शिवाय स्वच्छ प्रयोगशाळेतील निरोगी पक्ष्यात सुधारणेला वावच कमी असतो. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हाही गैरसमज होय. तीव्र वासाच्या तेलांची मात्रा वाढल्यास पक्षी खाद्य टाळतो.

उन्हाळ्यात कसोटी लागते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती धापा टाकते, तेव्हा रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून त्याचा अल्कधर्मीपणा वाढतो. रक्तप्रवाह त्वचेकडे वळल्याने आतड्याचे अस्तर दुबळे पडते. बीटपासून मिळणारे बीटेन पेशींतील पाणी टिकवून ठेवण्यास मदत करते, ‘क’ जीवनसत्त्वाचाही उपयोग होतो. परंतु हवा न खेळणाऱ्या, दाटीवाटीने भरलेल्या शेडमध्ये त्यांचा प्रभाव तोकडाच पडणार.

करार पद्धतीत पिल्ले आणि खाद्य दोन्ही कंपनीकडून येतात. पोत्यात कोणते पूरक आहे, हे ठरविण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे नसतो. त्याच्या हाती राहते ते पाणी, हवा आणि गादी. नळ्यांत साचलेला बुळबुळीत थर काढणे, ओले तूस वेळीच बदलणे ही कामे त्याचीच. पाण्यातून प्रोबायोटिक द्यायचे असल्यास त्या पाण्यात क्लोरीन असता कामा नये, अन्यथा उपकारक जीवाणूच मरतात. पिण्याच्या पाण्यातून जिवंत लस देतानाही क्लोरीन आणि आम्ल दोन्ही बंद ठेवावी लागतात.