शस्त्रक्रिया, जागृत रुग्ण आणि आभासी वास्तव : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात कैदी होते. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली व अखेरचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. क्लोरोफॉर्मच्या अमलाखालील रुग्णाला याची वार्ताही नव्हती. त्याच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न आधीच सुटला होता. श्रीनिवास शास्त्री यांच्या उपस्थितीत तयार झालेल्या, मॅडॉक यांच्यावर विश्वास दर्शविणाऱ्या संमतीपत्रावर त्याने सही केली होती. 'हिंद स्वराज्य' (१९०९) मध्ये डॉक्टरी पेशावर कठोर टीका करणाऱ्याची ती सही होती, हे विशेष.

बाह्यरुग्ण शस्त्रक्रियेची स्थिती नेमकी उलट आहे. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कोकेनचा उपयोग दाखविला आणि स्थानिक भूल रूढ होत गेली. वेदना थांबली, परंतु रुग्ण जागा राहिला. तोंडावर ओढलेले कापड, हत्यारांचा खणखणाट, डॉक्टरांचे आपापसांतील इंग्रजी बोलणे हे सर्व तो अनुभवतो. या भीतीवरील उपाय म्हणून आज आभासी वास्तवाकडे पाहिले जाते. १९९० च्या दशकात सिअ‍ॅटल येथे हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी त्याचा वापर आरंभिला; पुढे 'स्नोवर्ल्ड' हे बर्फाळ दरीचे आभासी जग त्यांच्यासाठी रचले गेले. मनुष्याचे अवधान मर्यादित असते. ते दृश्यात गुंतले की वेदनेच्या वाट्याला कमी येते, हे त्यामागील तत्त्व होय.

गांधीजी १९३६ मध्ये ज्या सेवाग्रामला स्थायिक झाले, तेथेच कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. अशा ग्रामीण परिसरात हे तंत्र कितपत उपयोगी ठरेल? येथील वृद्धांची नेहमीची शस्त्रक्रिया मोतीबिंदूची. आणि डोळ्यांवर चढवायचे उपकरण नेमके त्याच वेळी वापरता येत नाही. हर्निया किंवा हाताच्या शस्त्रक्रियेत ते चालेल. मात्र बर्फाच्या दरीपेक्षा आर्वी-देवळीच्या शेतकऱ्याला ओळखीचे शिवार अधिक धीर देईल. सूचना वऱ्हाडी वळणाच्या मराठीत असाव्यात, संमती उपकरण चढविण्यापूर्वीच सावकाश समजावून घ्यावी, आणि डॉक्टरांचा आवाज पोहोचावा म्हणून रुग्णाचा एक कान मोकळा ठेवावा.