गंजिफांचा हुकूम आणि मधली पाच पाने

पत्ते खेळणाऱ्या कोणालाही, मग तो फुलंब्रीचा असो की सावंतवाडीचा, 'हुकूम' म्हणजे काय असे विचारले तर 'जो रंग इतर रंगांना कापतो तो' असे उत्तर मिळेल. गंजिफा खेळणाऱ्यांच्या भाषेत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा होता. एखाद्या रंगाची जी पाने अजून पडायची आहेत, त्यांतले सर्वांत वरचे पान म्हणजे हुकूम. राजा पडून गेला की प्रधान हुकूम होतो. प्रधानही गेला की त्याच्या खालचे पान. पानाकडे नुसते पाहून तो ओळखता येत नाही. आतापर्यंत काय काय पडून गेले हे ज्याच्या ध्यानात आहे, त्यालाच तो कळतो.

नवा खेळ शिकताना आपण 'कोणते पान मोठे?' असे आधी विचारतो. त्याहून मूलभूत प्रश्न आहे तो असा: या खेळात कोणाला काय कळते, आणि केव्हा कळते? पत्त्यांच्या खेळांचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने पाहिला तर बराच उलगडतो.

बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत बारा रंगांच्या १४४ पानांची माहिती मिळते. पुढे आठ रंगांची ९६ पानांची गंजिफा रूढ झाली. महाराष्ट्रात दशावतारी गंजिफा खेळली जाई. तिच्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा गोल पाने असत: राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, तर उरलेल्या पाच रंगांत क्रम उलटा, म्हणजे एक्का मोठा. दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याची उतारी. रात्री कृष्णाच्या राजाची.

आता हिशेब मांडू. १२० पाने तिघांत वाटली की प्रत्येकाला ४० येतात. आपली ४० दिसतात, ८० अज्ञात असतात. निम्मा खेळ झाला की ६० पाने पडून गेलेली असतात आणि आपल्या हाती २० उरतात. अज्ञात पाने फक्त ४०. शेवटी अज्ञात काहीच उरत नाही. पडलेले प्रत्येक पान सर्वांनी पाहिलेले असते, पण ते ध्यानात ठेवणे ज्याचे त्याच्याकडे. वाटणी नशिबाची खरी. त्यानंतर कस लागतो तो स्मरणशक्तीचा.

याच प्रश्नाचे वेगळे उत्तर अमेरिकेत निघाले. पोकरच्या 'टेक्सास होल्डेम' या प्रकाराचे जन्मस्थान म्हणून टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन या गावाला मान्यता दिली. या खेळात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने मध्ये सर्वांसाठी उघडी मांडली जातात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक टप्प्यावर पैज लावायची किंवा खेळ सोडायचा. अखेरीस आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून उत्तम पाच निवडायची. ही निवड २१ प्रकारे होते.

'ओमाहा' या प्रकारात हाती चार पाने असतात. पण हातातली नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन घ्यावी लागतात. चारांतून दोन ६ प्रकारे, पाचांतून तीन १० प्रकारे, म्हणजे एकूण ६० प्रकार. नवशिका इथे हमखास फसतो. मध्ये चार बदाम आणि हाती एकच बदाम असेल, तर पाच बदाम झाले असे त्याला वाटते. नियमाप्रमाणे मात्र ते होत नाहीत.

होल्डेममध्ये सुरुवातीला ५० पाने अज्ञात असतात. मधली पाचही उघडली तरी ४५ अज्ञातच राहतात. म्हणून इथे स्मरणापेक्षा अंदाज महत्त्वाचा. हाती दोन बदाम, मधल्या पहिल्या तिनांत दोन बदाम, असे असेल तर उरलेल्या ४७ पानांत ९ बदाम आहेत. पुढच्या दोन पानांत एकही बदाम न येण्याची संभाव्यता ३८/४७ × ३७/४६, म्हणजे सुमारे ६५ टक्के. म्हणजे पाच बदाम जुळण्याची शक्यता सुमारे ३५ टक्केच.

हा फरक आपल्या न्यायालयांपुढेही आला. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पडणारी पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते राखायचे व कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, हे त्याचे कारण. तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा मानला गेला. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पोकरबाबत असे एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार म्हटले. २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यासाठी ठेवला नाही.

मोबाईल हाती असलेल्या विद्यार्थ्यांना एवढे सांगायला हवे की, संभाव्यतेचा हिशेब अचूक असला तरी तो पुढच्या एका पानाविषयी हमी देत नाही. ३५ टक्के म्हणजे शंभरांत ६५ वेळा न जुळणे, आणि ते सलग दहा वेळाही होऊ शकते.

सावंतवाडीत शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांच्या प्रयत्नांमुळे गंजिफा रंगविण्याची कला पुन्हा उभी राहिली. पाने उरली, पण ती खेळणारे विरळ झाले. शोभेसाठी घेतलेल्या गंजिफेत हुकूम नसतो. तो खेळणाऱ्यांच्या स्मरणातच असतो. वर्गात पुठ्ठ्याच्या १२० चकत्या कापून ती खेळता येईल. दर पाच हातांनंतर खेळ थांबवावा आणि मुलांना विचारावे, 'आता मत्स्याचा हुकूम कोणता, आणि तो कशावरून?' पैशाची पैज न लावताही हा प्रश्न चुरशीचा ठरतो.